उंचीची पट्टी आणि राईडचा हट्ट

मे महिन्यात या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एरवी घामोळे, उन्हाळी लागणे आणि आंबे खाल्ल्याने गळवे येतात का, असलेच प्रश्न अधिक असतात. यंदा मात्र चार पत्रे एकाच विषयाची आली. मनोरंजन उद्यानातल्या किंवा जत्रेतल्या राईडवर लहान मुलांना केव्हा बसू द्यावे आणि तिथे लिहिलेली उंचीची अट कितपत गंभीरपणे घ्यावी, हे चारही पत्रांत कुठल्या ना कुठल्या रूपाने विचारलेले आहे. म्हणून या वेळचे सदर त्या एकाच विषयाला दिले आहे.

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही माझ्या धाकट्या दिरांकडे फ्लोरिडाला जाणार आहोत. ऑरलँडोच्या डिस्ने वर्ल्डमध्ये तीन दिवस काढायचे ठरले आहे. मोठी मुलगी सात वर्षांची असून तिची उंची १२० सेंटीमीटर आहे. धाकटा मुलगा पावणेचार वर्षांचा, उंची ९९ सेंटीमीटर. तिथल्या बऱ्याच राईडना उंचीची अट असते, असे जाऊबाई सांगतात. एवढा खर्च करून जायचे आणि मुलाला बाहेर उभे करायचे, हे मनाला पटत नाही. मुलगा धीट आहे. वडिलांच्या मांडीवर बसला तर चालणार नाही का? आणि वय सोडून उंचीच का बघतात? — एक आई, कोथरूड, पुणे

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याचे उत्तर नीट कळले की बाकीचे निम्मे सुटतात. आसनावर बसलेल्याला धरून ठेवण्यासाठी राईडमध्ये मांडीवर येणारा दांडा, पट्टा किंवा खांद्यांवरून खाली येणारी चौकट असते. ही व्यवस्था ज्या आकाराच्या शरीरासाठी घडवलेली आहे, तेवढे या मुलाचे शरीर झाले आहे का, एवढेच प्रवेशाशी लावलेली पट्टी पाहते. मुलाच्या धीटपणाचा तिच्याशी काही संबंध नसतो.

रोलर कोस्टरची गाडी चढावरून उतारावर वळते, त्या क्षणी आत बसलेल्याचे शरीर आसनावरून वर उचलले जाते. मोठ्या माणसाच्या भरलेल्या मांड्यांवर टेकलेला दांडा त्याला तिथेच अडवतो. चार वर्षांच्या मुलाच्या बाबतीत दांडा पार खाली आणला तरी तो मांडीला लागेलच असे नाही; आणि दोघांना मिळून एकच दांडा असेल, तर तो शेजारी बसलेल्या वडिलांच्या मांडीवर अडतो आणि मुलाच्या अंगावर वीतभर जागा मोकळी राहते. शिवाय लहान मुलाच्या कमरेच्या हाडांची पुढची टोके अजून पुरेशी उठून आलेली नसतात. मोटारीतला पट्टा लहान मुलाच्या कमरेवरून सरकून पोटावर चढतो तो याच कारणाने. त्यात मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे असते. नवजात बाळाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या चौथ्या हिश्शाएवढे भरते, तर प्रौढाचे सातव्या किंवा आठव्या हिश्शाएवढे. चार वर्षांचे मूल या दोहोंच्या मध्ये असते आणि तेवढे डोके पेलणारी त्याची मान कोवळी असते.

या सगळ्याचा अंदाज घेण्यासाठी वय उपयोगी पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यांप्रमाणे चार वर्षांच्या मुलग्यांची मधली उंची साधारण १०३ सेंटीमीटर असते, पण त्याच वयाचा एखादा मुलगा ९५ सेंटीमीटरचा आणि दुसरा १११ सेंटीमीटरचा असला, तरी दोघेही निरोगी असू शकतात. आसनाला वाढदिवस कळत नाही, शरीराचे माप कळते. वजन हे मापच असले तरी दर माणसाला काट्यावर उभे करणे रांगेत शक्य नसते. उंची मात्र कोणालाही, कुठलेही यंत्र न वापरता, दोन सेकंदांत तपासता येते आणि तिच्यावरून बाकीच्या मापांचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो, म्हणून जगभर तीच धरली गेली.

मांडीवर बसवण्याचे विचाराल, तर कोस्टरवर वळणात किंवा उताराच्या तळाशी अंगावर स्वतःच्या वजनाच्या तिप्पट भार येणे ही नेहमीची गोष्ट आहे. पंधरा किलोंचे मूल त्या क्षणी हातांना पंचेचाळीस किलोंचे लागते आणि पुढच्याच क्षणी ते हातातून वर निसटू पाहते. कितीही ताकदवान वडील असले तरी ही अदलाबदल त्यांच्या हातांना झेपणारी नाही. त्यामुळे अशा राईडवर प्रत्येकाला स्वतंत्र बसावे लागते. संथ बोटीतून फिरवणाऱ्या राईडवर मात्र तान्ह्या बाळालाही मांडीवर घेऊन बसता येते.

उंचीची अट आसनाशी कशी बांधलेली असते, याचे मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण डिस्नेचेच आहे. स्पेस माउंटन या नावाची राईड कॅलिफोर्नियात आहे, फ्लोरिडात आहे आणि पॅरिसजवळच्या डिस्नेलँडमध्येही आहे. तिथे तिला सध्या हायपरस्पेस माउंटन म्हणतात. कॅलिफोर्नियात १०२ सेंटीमीटरचे मूल तिच्यावर बसू शकते, कारण तिथे दोघे शेजारी-शेजारी बसतात. फ्लोरिडातली राईड १९७५ साली सुरू झाली. तिच्या गाडीत तिघे एकामागोमाग एक बसतात, म्हणजे मुलाशेजारी कोणीच नसते, आणि तिथे अट ११२ सेंटीमीटरची आहे. पॅरिसची गाडी प्रवाशांना पूर्ण उलटे करते, म्हणून तिथे १२० सेंटीमीटर लागतात. एकाच मुलाला एका खंडात प्रवेश मिळतो आणि दुसऱ्या खंडात मिळत नाही, तरी त्यात कोणाची मनमानी नसते.

आता तुमच्या दोन मुलांकडे वळते. तीन ते पाच या वयात मूल वर्षाला साधारण सात सेंटीमीटर वाढते, म्हणजे दिवाळीपर्यंत तुमचा मुलगा १०२ सेंटीमीटरच्या आसपास पोहोचेल. फ्लोरिडातल्या पुष्कळ राईडची अट नेमकी एवढीच आहे, कारण ती तिकडच्या मापात ४० इंच होते. तो अगदी रेषेवर उभा राहणार, हे आजच गृहीत धरा. त्याला आजही बसता येईल अशा राईड आहेत. बार्नस्टॉर्मर या छोट्या कोस्टरला ८९ सेंटीमीटर पुरतात आणि सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन व स्लिंकी डॉग डॅश यांना ९७. सोअरिन, टेस्ट ट्रॅक आणि टॉवर ऑफ टेरर यांना १०२ लागतात. यांपैकी टॉवर ऑफ टेररवर तो उंचीत बसला तरी त्याला नेऊ नये, असे माझे मत आहे. अंधारात लिफ्ट वारंवार खाली कोसळते, असा तो अनुभव आहे आणि चार वर्षांच्या मुलाला खोटे कोसळणे आणि खरे कोसळणे यांत फरक करता येत नाही. पट्टी शरीराचा निकाल देते, मनाचा निकाल आईवडिलांनीच द्यायचा असतो. मुलीला स्पेस माउंटन आणि एक्स्पिडिशन एव्हरेस्ट या दोन्ही ११२ सेंटीमीटरच्या राईड आजच खुल्या आहेत. ट्रॉनला १२२ लागतात. तिथे दिवाळीपर्यंत ती जेमतेम पोहोचेल. जाण्याच्या आठवड्यात उद्यानाच्या ॲपवर प्रत्येक अट पुन्हा पाहून घ्या, कारण राईड दुरुस्तीसाठी बंद होतात आणि आसने बदलली की अटीही बदलतात.

उंचीची काहीच अट नसलेल्या राईडची यादी लांब आहे आणि त्यांतल्या बहुतेक मॅजिक किंगडम या एकाच उद्यानात आहेत. डम्बो, पीटर पॅन, इट्स अ स्मॉल वर्ल्ड, जंगल क्रूझ आणि कपांत बसवून फिरवणारी टी पार्टी एवढ्यांतच लहान मुलाचा दिवस भरतो. पायरेट्स ऑफ द कॅरिबियन आणि हाँटेड मॅन्शन यांनाही अट नाही. पण तिथे अंधार आहे आणि पहिलीत एक छोटा घसरता उतारही आहे, हे मुलाला आधी सांगून ठेवा. ॲनिमल किंगडममधली किलिमांजारो सफारी दोघांनाही एकत्र करता येईल. तीन दिवसांपैकी दीड दिवस तरी मॅजिक किंगडमला द्यावा, असे मी सुचवीन.

मुलाला बाहेर उभे करण्याचे दुःख कमी करणारी एक सोय तिथे आहे. तिला रायडर स्विच म्हणतात. प्रवेशाशी असलेल्या कर्मचाऱ्याला आपण सर्व जण मिळून भेटायचे आणि धाकट्याची उंची कमी पडते, हे सांगायचे. मग एक पालक मुलीला घेऊन रांगेतून जातो, दुसरा धाकट्याजवळ थांबतो. पहिली फेरी संपली की थांबलेल्या पालकाला मोठी रांग पुन्हा न लावता आत सोडतात. आपल्याकडच्या लोकांना हे ठाऊक नसते आणि आईच तीनही दिवस पोराला घेऊन बाकावर बसून राहते. तुम्ही तसे करू नका. तिथे सात वर्षांखालील मुलाबरोबर राईडवर चौदा किंवा अधिक वर्षांची व्यक्ती असावी लागते, हेही ध्यानात असू द्या. तिकीट मात्र तिथे वयावर आहे. तीन वर्षे पूर्ण झाली की उंची कितीही असो, मुलाचे तिकीट पडते. आपल्याकडे वंडरलासारखी उद्याने तिकीटसुद्धा उंचीवर आकारतात, त्यामुळे या दोन गोष्टींची गल्लत होते.

उंची घरी नीट मोजावी, आणि ती सहलीच्या महिनाभर आधी मोजावी. मुलाला अनवाणी, भिंतीला टाचा, नितंब, खांदे आणि डोक्याचा मागचा भाग टेकवून उभे करावे. नजर सरळ समोर हवी. जाड पुठ्ठ्याचे पुस्तक भिंतीशी काटकोनात धरून, केस दाबून, डोक्यावर टेकवावे आणि पुस्तकाच्या खालच्या कडेशी पेन्सिलने खूण करावी. सकाळपेक्षा संध्याकाळी उंची अर्धा ते एक सेंटीमीटर कमी भरते, कारण दिवसभरात मणक्यांमधल्या गाद्या दबतात. म्हणून संध्याकाळचे माप खरे धरावे. डिस्नेमध्ये बुटांसह मोजतात, त्यामुळे रोजचे साधे बूट घालून किती भरते, तेही एकदा पाहून ठेवावे.

यानंतर दाराच्या चौकटीवर तीन-चार राईडच्या उंचीवर रंगीत कागद चिकटवा आणि मुलाला त्याच्या उंचीखाली येणाऱ्या कागदांचीच नावे सांगा. ज्या राईडवर तो बसू शकणार नाही, तिचे व्हिडिओ सहलीआधी महिनाभर दाखवत राहणे हा त्याच्यावर अन्याय आहे. घरात शांतपणे मिळालेला नकार मूल पचवते. दोन तास रांगेत उभे राहिल्यावर परक्या देशात, परक्या भाषेत मिळालेला नकार त्याला पचत नाही.

प्रश्न : मागच्या महिन्यात आम्ही एका वॉटर पार्कमध्ये गेलो होतो. साडेचार वर्षांच्या मुलाला एका घसरगुंडीवर जाऊ दिले आणि दुसऱ्या घसरगुंडीवर, तेवढ्याच उंचीची अट असताना, दोन सेंटीमीटर कमी भरतो म्हणून परत पाठवले. मी लेखी हमी द्यायला तयार होतो, तरी तिथल्या मुलाने ऐकले नाही. पोरगा तासभर रडत होता. आमची जबाबदारी आम्ही घेत असताना त्यांना अडवण्याचा अधिकार काय? — एक वडील, ठाणे

उत्तर : तुमच्या मुलाच्या रडण्याचे मला खरेच वाईट वाटते. तरीही पहिल्या घसरगुंडीवरच्या माणसाची चूक झाली आणि दुसरीवरच्याने आपले काम चोख केले, असेच मला म्हणावे लागेल. एकाच उद्यानात दोन ठिकाणी दोन निकाल लागावेत, हे उद्यानाच्या दृष्टीने कमीपणाचे आहे आणि त्याबद्दल तुम्ही व्यवस्थापनाला अवश्य लिहावे. काही उद्याने प्रवेशद्वारापाशीच एकदा मोजून मुलाच्या मनगटावर रंगीत पट्टी बांधतात. तशी पद्धत मागावी. मात्र तक्रार पहिल्या कर्मचाऱ्याने सोडल्याची असावी, दुसऱ्याने अडवल्याची नसावी.

लेखी हमीने काय साधले असते, याचा विचार करा. राईड बनवणारी कंपनी तिच्या रचनेप्रमाणे किमान उंची ठरवून देते. उद्यान ती वाढवू शकते, पण स्वतःच्या मर्जीने खाली आणू शकत नाही. यामागे लिखित मानके आहेत. अमेरिकेतल्या एएसटीएम या मानकसंस्थेची राईडविषयीची समिती १९७८ सालापासून काम करते आहे, युरोपात ईएन १३८१४ हे मानक आहे आणि आपल्या भारतीय मानक ब्युरोचेही आयएस १५४७५ आहे. बापाने कागदावर सही केल्याने दांडा आणि पोराचे पोट यांच्यामधली जागा भरून येत नाही.

पाण्याच्या घसरगुंडीवर तर दांडाही नसतो. तिथे मुलाचे शरीरच गाडीचे काम करते. हलके मूल सपाट भागावर मध्येच थांबते आणि मागून येणारा मोठा माणूस त्याच्यावर आदळतो. खाली ज्या कुंडात ते पडते, त्याची खोली उभ्या राहिलेल्या मुलाचे नाक पाण्याबाहेर राहील अशा हिशेबाने ठेवलेली असते. दोन सेंटीमीटर म्हणजे पाऊण इंच, एवढ्याने काय बिघडते, हा प्रश्न मला पालक नेहमी विचारतात. रेषा कुठेतरी ओढावीच लागते. ९८ ला सोडले की उद्या ९६ चे मूल घेऊन कोणीतरी उभे राहते आणि त्याच्याही वडिलांची सही करायची तयारी असते.

इथे एक जवळची गोष्ट सांगून ठेवते, कारण ती माझ्या दवाखान्यात वारंवार येते. सोसायटीच्या बागेतल्या साध्या घसरगुंडीवरही मुलाला मांडीवर घेऊन घसरू नये. मुलाचा पाय कडेला किंवा बुटाच्या रबरी तळाने पृष्ठभागाला अडकतो, मागून मोठ्या माणसाचे वजन पुढे येते आणि नडगीचे हाड मोडते. एकटे घसरणारे मूल अडकले तर नुसते थांबते. काळजीपोटी मांडीवर घेतल्यानेच ही इजा होते आणि ते कळल्यावर आईवडिलांना किती टोचते, हे मी पाहिले आहे.

मुलाला पुढच्या वेळी बुटात कागदाच्या घड्या किंवा दुहेरी तळवे घालून नेण्याचा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईलच. तो मानू नका. पट्टीला फसवल्याने मूल आसनावर मोठे होत नाही, आणि नियमाला बगल देताना आईबाबांनी आपल्याला वापरले, हे त्याच्या लक्षात राहते. गेटवरचा तो मुलगा उन्हात दिवसभर उभा राहून तुमच्यासारख्या पन्नास जणांची नाराजी सोसत असतो. पुढच्या वेळी त्याला मुलादेखत धन्यवाद द्या. रडणे लवकर थांबेल, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : आमच्या गावच्या जत्रेत आकाशपाळणा, ब्रेक डान्स, टोराटोरा, होडीचा पाळणा सगळे येते. कुठेही उंची लिहिलेली नसते. नातवंडे पाच आणि नऊ वर्षांची आहेत. आम्ही लहानपणी लाकडी पाळण्यात बसलोच की. आता बसवावे की नाही? — एक आजोबा, सातारा जिल्हा

उत्तर : आजोबा, लाकडी पाळणा चार माणसे हातांनी ढकलत आणि रडू फुटले की थांबवत. आजच्या ब्रेक डान्सला मोटर आहे. वेग तिथे आला आणि पट्टी आली नाही, हा खरा अडचणीचा भाग आहे. दिल्लीचे अप्पूघर १९८४ साली आणि गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ साली सुरू झाले. त्यानंतर मोठ्या उद्यानांत मोजण्याची शिस्त हळूहळू रुजली, पण गावोगाव फिरणाऱ्या पाळण्यांपर्यंत ती क्वचितच पोहोचली. त्यामुळे तिथे पट्टीचे काम आजोबांनाच करावे लागेल.

पाच वर्षांच्या नातवंडाला ब्रेक डान्स, टोराटोरा आणि होडी यांत बसवू नये. संथ गोल फिरणारे घोडे आणि रुळांवरची छोटी आगगाडी त्याला पुरेशी आहे. आकाशपाळण्यात बसवायचे तर डब्याला पूर्ण बंद होणारे दार आणि कडी असावी, नुसती साखळी नसावी, आणि दोन्ही बाजूंना मोठी माणसे असावीत. नऊ वर्षांच्या नातवंडाला ब्रेक डान्समध्ये बसवाल तेव्हा एक गोष्ट कटाक्षाने पाळा. फिरताना सर्वांचे शरीर बाहेरच्या बाजूला फेकले जाते, म्हणून मोठ्या माणसाने बाहेरच्या कडेला बसावे आणि मुलाला आतल्या बाजूला घ्यावे. उलटे बसलात तर तुमचे सत्तर किलो वजन काही पटींनी वाढून त्याच्यावर दाबले जाईल. दांडा लावल्यावर त्याच्या पोटावर तुमची मूठ सहज आत जात असेल, तर उतरून यावे आणि पैसे गेले तरी जाऊ द्यावेत.

जागा मोकळी राहण्याचा हा धोका लहान मुलांपुरताच नाही, हे जाता जाता सांगते. मार्च २०२२ मध्ये ऑरलँडो शहरातल्या एका उंच मनोऱ्यावरून खाली सोडणाऱ्या राईडवर चौदा वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. तो सहा फुटांहून उंच होता आणि राईडच्या वजनमर्यादेपेक्षा बराच जड होता. त्याच्या आसनाची चौकट नीट बसल्याची खूण देणारी यंत्रणा हाताने बदललेली होती, त्यामुळे मांडी आणि चौकट यांच्यामध्ये नेहमीपेक्षा जास्त फट राहूनही सारे ठीक असल्याचा दिवा लागला, असे चौकशीत दिसून आले. ती राईड पुढे पाडून टाकण्यात आली. म्हणून थोराड मुलांच्या बाबतीत वजनाची वरची मर्यादाही विचारून घ्यावी.

प्रश्न : माझी मुलगी दहा वर्षांची आहे. वर्गाच्या सहलीत १२० सेंटीमीटरची अट असलेल्या राईडवर फक्त तिलाच बसू दिले नाही, कारण तिची उंची ११८ भरली. मैत्रिणी सगळ्या गेल्या. तेव्हापासून ती शाळेत जायला कुरकुर करते. बाईंनी तिला सर्वांसमोर पट्टीशी उभे केले होते. घरात आम्ही दोघेही फार उंच नाही, त्यामुळे उंचीची काळजी कधी केली नव्हती. आता सुट्टीत तिच्या मामांबरोबर अशाच ठिकाणी जायचे आहे. न्यावे की टाळावे? — एक आई, अमरावती

उत्तर : तुमचे पत्र मी सर्वांत जास्त वेळा वाचले. राईडचे उत्तर सोपे आहे, पण त्याआधी मला एका वेगळ्या गोष्टीकडे तुमचे लक्ष वेधायचे आहे.

दहा वर्षांच्या मुलीची ११८ सेंटीमीटर ही उंची कमी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात या वयाच्या मुलींची मधली उंची १३८ सेंटीमीटरच्या आसपास आहे. आपल्या मुलांसाठी इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०१५ साली सुधारलेले वाढीचे तक्ते आहेत आणि ते तयार करण्यात पुण्याच्या डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. या दोन्ही तक्त्यांत तुमच्या मुलीची उंची सर्वांत खालच्या, म्हणजे तिसऱ्या शतमानाच्या (शंभरांपैकी जेमतेम तीनच मुली जिच्या खाली असतात त्या) रेषेच्याही खाली येते. याचा अर्थ तिला आजार आहेच, असा नाही. आईवडील बुटके असले तर मुले बुटकी असतात आणि काही मुले उशिरा वाढतात. पण तिला तपासल्याशिवाय तसे गृहीत धरणे मात्र चूक ठरेल. थायरॉइडची कमतरता, गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला होणारा सीलिॲक आजार, वाढीच्या संप्रेरकाची कमतरता किंवा मुलींमध्ये आढळणारा टर्नर सिंड्रोम यांत बुटकेपणा हे कधी कधी एकमेव लक्षण असते. यांतल्या बहुतेकांवर उपचार आहेत आणि हाडांची टोके जुळून येण्याआधी ते सुरू झाले, तरच उंचीला उपयोग होतो. दहाव्या वर्षी हाताशी वेळ आहे, पण तो वाया घालवण्याइतका नाही.

शाळेच्या आरोग्य तपासणीच्या कार्डावर किंवा लसीकरणाच्या वहीत जुन्या उंचीच्या नोंदी असतील, त्या सर्व तारखांसह शोधून काढा. दारावर पेन्सिलने केलेल्या खुणा असतील तर त्याही चालतील. डॉक्टरांना आजच्या उंचीइतकीच वर्षागणिक झालेली वाढ महत्त्वाची असते. या वयात मूल वर्षाला चार सेंटीमीटरांहूनही कमी वाढत असेल, तर कारण शोधलेच पाहिजे. तुम्हा दोघांचीही उंची मोजून लिहून न्या. बालरोगतज्ज्ञ रक्ताच्या काही चाचण्या आणि डाव्या मनगटाचा एक्स-रे सांगतील. मनगटाच्या हाडांवरून शरीर किती वर्षांचे झाले आहे, ते कळते. गरज वाटली तर ते तुम्हाला संप्रेरकांच्या तज्ज्ञाकडे पाठवतील. हे सारे करताना मुलीला 'तुझ्यात काहीतरी कमी आहे' असे वाटू देऊ नका. 'तू कशी वाढते आहेस ते बघायला जायचे आहे', एवढेच तिला सांगणे पुरेसे आहे.

आता सहलीचे. तिला अवश्य न्या. पण तिची उंची आधी घरी मोजा आणि त्या उद्यानातल्या कुठल्या राईडना किती अट आहे, हे दूरध्वनी करून किंवा संकेतस्थळावर पाहून लिहून काढा. कुठे बसायचे ते मामा ठरवणार नाहीत, ती स्वतः त्या यादीतून ठरवील. १२० सेंटीमीटरच्या राईडवर ती दोन सेंटीमीटरने कमी पडते, हे तिला आकड्यात सांगा. 'अजून लहान आहेस' हे शब्द तिच्यासाठी वापरू नका. ती लहान नाही, दहा वर्षांची आहे, आणि आसन तिच्या मापाचे नाही, एवढीच वस्तुस्थिती आहे. मामेभावंडांपैकी एकाने दर वेळी तिच्याबरोबर थांबावे, असे आधीच घरात ठरवून घ्या, म्हणजे ती एकटी बाकावर बसलेली दिसणार नाही.

वर्गशिक्षिकांना भेटून एवढी विनंती करा की, पुढच्या सहलीआधी उद्यानाच्या अटी शाळेने मागवून घ्याव्यात, मुलांची उंची शाळेतच एकेकट्याने मोजावी आणि ज्या मुलांना काही राईड बंद आहेत त्यांच्यासाठी दुसरा गट आधीच करावा. बाईंनी मुद्दाम दुखावले, असे मला वाटत नाही. गर्दीत कोणाच्या ते लक्षात आले नसेल. मुलगी शाळेत जायला पुन्हा तयार होईपर्यंत या भेटीविषयी तिला सांगू नका, आणि बालरोगतज्ज्ञांची वेळ मात्र सुट्टी संपण्याची वाट न पाहता याच आठवड्यात घ्या.